पोराच्या सायकलसाठी टायर बनवणारा जनावरांचा डॉक्टर : नाव चिकटलं, पैसा मात्र चिकटला नाही

थंडी सुरू झाली की जालना जिल्ह्यातल्या अंकुशनगरचा रस्ता बदलून जातो. अंबड तालुक्यातल्या या गावाची ओळखच समर्थ सहकारी साखर कारखाना. गळीत हंगाम चालू झाला की ऊस कारखान्याच्या दिशेने निघतो. ट्रक असतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात आणि त्यांच्या मधूनमधून बैलगाड्या. उसाने इतक्या भरलेल्या की मागून बघितलं तर पुढचे बैल दिसतच नाहीत.

या बैलगाडीच्या चाकाकडे एकदा नीट बघा. आजोबांच्या काळातल्या गाडीला लाकडी चाक होतं, त्याला आरे होते आणि वरून लोखंडी धाव बसवलेली असायची. आता ऊस ओढणाऱ्या गाडीला हवेचा रबरी टायर असतो. म्हणून तर तिला टायरगाडी म्हणतात. उत्तर भारतात काही ठिकाणी अशा गाडीला सरळ डनलप म्हणतात.

डनलॉप. हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. कुणी टायरवर वाचलंय, कुणी टेनिसच्या बॉलवर, तर कुणाच्या घरात डनलॉपची गादी होती. पण डनलॉप हे एका माणसाचं आडनाव होतं आणि तो माणूस ना इंजिनिअर होता ना कारखानदार, हे फार थोड्यांना माहितीये.

तो जनावरांचा डॉक्टर होता.

आणि त्याने जे केलं त्याची खरी गोम रबरात नव्हती. ती होती रबराच्या आत दडलेल्या कापडात, आणि ते कापड रबराला धरून ठेवणाऱ्या चिकटवणीत. आज गाडीच्या इंजिनातल्या बेल्टमध्ये काचेचे धागे रबराला चिकटवले जातात, तिथपर्यंत हीच गोम येऊन पोचते.

तर गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

नाजूक म्हणून वाढवलेला पोरगा

जॉन बॉइड डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा. स्कॉटलंडमधल्या एअरशायर भागात ड्रेघॉर्न नावाचं गाव आहे, तिथल्या एका शेतकरी कुटुंबात तो जन्मला. पोरगा दोन महिने आधी जन्मला, त्यामुळे तब्येतीने नाजूक आहे, असं घरच्यांनी त्याच्या मनावर लहानपणापासून बिंबवलं होतं. गंमत म्हणजे पुढे ८१ वर्षांच्या आयुष्यात त्याला म्हणावं असं आजारपण जवळपास आलंच नाही.

घर शेतकऱ्याचं, त्यामुळे जनावरांशी संबंध रोजचाच. त्याने एडिनबरात पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि वयाच्या १९ व्या वर्षी तो डॉक्टर होऊन बाहेर पडला. जवळपास दहा वर्षं स्कॉटलंडमध्येच काम केल्यावर १८६७ मध्ये तो समुद्र ओलांडून आयर्लंडला गेला. आधी डाऊनपॅट्रिक गावात भावासोबत दवाखाना टाकला, मग बेलफास्ट शहरात मे स्ट्रीटवर बस्तान बसवलं. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सनशी लग्न झालं. एक मुलगी झाली, एक मुलगा झाला.

त्या काळात घोडा म्हणजे आजचा ट्रक, टेम्पो आणि टॅक्सी, सगळं काही. त्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला कामाची कमी नव्हती. बघता बघता डनलॉपचा दवाखाना आयर्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्यांपैकी एक झाला. वय ४७, पैसा बरा, समाजात मान. हा माणूस इथेच थांबला असता तर बेलफास्टच्या बाहेर त्याचं नाव कुणाला कळलंही नसतं.

पण घरात जॉनी होता.

आणि पोराने तक्रार केली

जॉनी म्हणजे डनलॉपचा मुलगा, तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. त्याच्याकडे एक तीनचाकी सायकल होती. त्या काळातल्या सायकलींना भरीव रबराची चाकं असायची, म्हणजे आत हवा वगैरे काही नाही, रबराची नुसती पट्टी. आणि बेलफास्टचे रस्ते ग्रॅनाइटच्या चौकोनी दगडांचे. त्यावर सायकल चालवली की प्रत्येक दगडाचा दणका थेट पाठीच्या कण्यात जायचा.

पोराने बापाकडे तक्रार केली. बापाने ती मनावर घेतली.

ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉपने घराच्या मागच्या अंगणात प्रयोग सुरू केला. एक लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्यापासून नळी बनवली, ती तबकडीच्या कडेवर गुंडाळली आणि फुटबॉलमध्ये हवा भरायच्या पंपाने तिच्यात हवा भरली.

इथे एक अडचण आली, आणि आपल्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

नुसत्या रबराच्या नळीत हवा भरली तर काय होतं? फुगा होतो. जिथे रबर पातळ असेल तिथे ती फुगत जाते आणि फुटते. रबराचा गुणच ताणण्याचा आहे. म्हणजे वजन पेलायला हवा पाहिजे, हवा अडवायला रबर पाहिजे, पण त्या रबराला आवर घालायला तिसरंच काहीतरी पाहिजे, जे वाकेल पण ताणणार नाही.

ते तिसरं म्हणजे कापड. डनलॉपने रबरी नळीवर लिननच्या कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून ती लाकडाला खिळ्यांनी ठोकली. आता हवा भरली की नळी फुगू पाहायची, कापड तिला धरून ठेवायचं आणि दोघांच्या ओढाताणीतून एक टणक पण लवचीक चाक तयार व्हायचं.

त्याने जॉनीच्या सायकलचं जुनं चाक आणि ही तबकडी, दोन्ही अंगणात ढकलून बघितली. जुनं चाक थोडं जाऊन आडवं झालं. हवेचं चाक अंगणाच्या टोकापर्यंत गेलं, फाटकाच्या खांबावर आपटलं आणि उसळी मारून परत फिरलं.

फेब्रुवारी १८८८ च्या अखेरीस एका रात्री जॉनी हवेची चाकं लावलेली सायकल घेऊन बाहेर पडला. चाकांच्या जोरावर बापाचं पुढचं आयुष्य कुठल्या कुठे जाणार होतं, याची दोघांनाही कल्पना नव्हती. डनलॉपने त्याच वर्षी पेटंट घेतलं.

तो टायर आतून कसा होता?

आता आपण पंक्चरच्या दुकानात बघतो तसा हा टायर नव्हता. सगळ्यात आत हवेची रबरी ट्यूब. तिच्यावर कॅनव्हासची पिशवी. त्या कॅनव्हासचे दोन्ही काठ चाकाच्या रिमभोवती गुंडाळून रबराच्या सोल्युशनने चिकटवलेले. आणि सगळ्यात वर, रस्त्याला घासणारी जाड रबराची साल, तीही सोल्युशननेच चिकटवलेली.

सोल्युशन म्हणजे काय? रबर एखाद्या द्रवात विरघळवून केलेलं खळीसारखं पातळ मिश्रण. द्रव उडून जातो, रबराचा थर मागे राहतो. कापडाला रबर चिकटवायची ही विद्या डनलॉपची नव्हे. स्कॉटलंडच्याच चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये नाफ्त्यात रबर विरघळवून, ते दोन कापडांच्या मध्ये पसरून रेनकोटचं कापड बनवलं होतं. पण ते उन्हाळ्यात चिकचिक करायचं आणि थंडीत कडक व्हायचं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला रबर आणि गंधक एकत्र तापवायची युक्ती सापडली आणि रबर कामाचं झालं. तिला व्हल्कनायझेशन म्हणतात.

डनलॉपने या सगळ्या जुन्या गोष्टी एका चाकावर आणून बसवल्या. पण त्यात त्रास असा की सगळंच चिकटवलेलं. पंक्चर झालं तर आधी वरची साल सोडवा, मग कॅनव्हास सोडवा, मग ट्यूब काढा, आणि परत सगळं चिकटवून वाळेपर्यंत थांबा. आज दहा-पंधरा मिनिटांत होणारं काम तेव्हा अख्खा दिवस खायचं.

तरी लोकांनी तो घेतला. कारण शर्यत.

लोक हसले, आणि मग गप्प झाले

बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कॅप्टन होता विली ह्यूम. शर्यतींमध्ये तो काही फार मोठं नाव नव्हता. पण त्याने हे फुगीर टायर स्वतःच्या सायकलला लावून घेतले आणि १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो शर्यतीला उतरला.

बाकीच्यांच्या सायकलींना बारीक भरीव टायर आणि याच्या चाकांना गुबगुबीत वळकट्या. बघणारे हसले. शर्यती चार होत्या. चारही ह्यूमने जिंकल्या. थोड्याच दिवसांत लिव्हरपूलला जाऊन त्याने इंग्लंडच्या लोकांनाही तोच धडा दिला.

ह्यूमकडून हरलेल्यांत ड्यू क्रॉस घराण्याची पोरं होती. त्यांचे वडील हार्वे ड्यू क्रॉस म्हणजे आयर्लंडमधल्या सायकल संघटनेचे अध्यक्ष आणि पक्के व्यापारी. पोरं हरली म्हणून ते चिडले नाहीत, त्यांनी टायर कुणी बनवला याची चौकशी केली. त्याच वर्षी डब्लिनमध्ये हे टायर बनवायला आणि विकायला कंपनी उभी राहिली. डनलॉपने आपलं पेटंट ड्यू क्रॉसच्या हवाली केलं आणि बदल्यात त्याला कंपनीचे १,५०० शेअर मिळाले.

इथपर्यंत गोष्ट कशी सरळ चालली होती. डॉक्टर, पोरगा, प्रयोग, शर्यत, कंपनी.

आणि मग कळलं की हे आधीच झालंय

पेटंट घेऊन दोन वर्षं होत नाहीत तोच बातमी आली की ते पेटंट टिकणार नाही. कारण हवेच्या टायरचं पेटंट कुणीतरी ४३ वर्षं आधीच घेऊन ठेवलं होतं.

तो माणूसही स्कॉटिशच. रॉबर्ट विल्यम थॉमसन. १८४५ मध्ये, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, त्याने हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. त्याचं चाक कसं होतं? आत रबर लावलेल्या कॅनव्हासचा हवाबंद पट्टा आणि बाहेरून चामड्याचं कवच. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना ही चाकं लावून त्याने सगळ्यांना दाखवलीही. गाडी आवाज न करता चालते, घोड्याला कमी ओढावं लागतं, हे सगळं सिद्ध झालं होतं.

मग ते चाललं का नाही? कारण तेव्हा रबर महाग होतं आणि सायकल अजून जन्माला यायची होती. घोडागाडीच्या मालकाला त्याची इतकी गरज वाटली नाही. थॉमसन १८७३ मध्ये वारला. पेटंटचे कागद कपाटात पडून राहिले आणि चाक लोक विसरून गेले.

डनलॉपने थॉमसनची नक्कल केली का? तसं म्हणायला काही आधार नाही. त्याने बेलफास्टच्या अंगणात तीच गोष्ट नव्याने शोधली होती. पण कायद्याला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. पहिला तो पहिला.

कंपनी बुडाली नाही, कारण ड्यू क्रॉस हुशार होते. टायर रिमला चिकटवण्याऐवजी तारेच्या कडीने किंवा काठाने अडकवायच्या नव्या युक्त्या १८९० मध्येच निघाल्या होत्या. चार्ल्स वेल्च आणि विल्यम बार्टलेट या दोघांची पेटंटं ड्यू क्रॉसनी मिळवली. आता टायर काढता-घालता येऊ लागला, पंक्चर काढणं सोपं झालं आणि धंदा सुसाट सुटला.

डनलॉप मात्र हळूहळू बाजूला होत गेला. ड्यू क्रॉसशी त्याचं फारसं पटेना. तो १८९५ च्या सुमारास कंपनीतून बाहेर पडला. आणि १८९६ मध्ये टेरा हूली नावाच्या दलालाने ती कंपनी ३० लाख पौंडांना विकत घेऊन लगेच ५० लाख पौंडांना बाजारात आणली. तो सायकलच्या वेडाचा काळ होता. या पैशांच्या पावसात ज्याच्या अंगणात पहिलं चाक फिरलं तो माणूस कुठेच नव्हता.

तरी कंपनी त्याच्याच नावाने मोठी होत गेली. नाव डनलॉपचं, माल डनलॉपचा, नफा दुसऱ्यांचा.

या रबराची दुसरी बाजू

डनलॉपच्या चाकामुळे युरोप-अमेरिकेत रबराची मागणी एकदम वाढली. तेव्हा रबराचे मळे नव्हते, ते जंगलातून आणावं लागायचं. आफ्रिकेतल्या काँगोवर बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची खासगी मालकी होती. तिथल्या गावांना रबराचा कोटा ठरवून दिला गेला. कोटा पूर्ण झाला नाही तर फटके, ओलीस ठेवणं, गावं जाळणं आणि माणसांचे हात तोडणं इथपर्यंत मजल गेली. जगभर बोभाटा झाल्यावर १९०८ मध्ये राजाला काँगो सोडावा लागला.

यात डनलॉपचा हात नव्हता. पण बेलफास्टमध्ये पोराच्या पाठीला बसणारे दणके थांबले, त्याची किंमत हजारो मैलांवर कुणीतरी मोजली, हे या चाकाच्या गोष्टीतून वगळता येत नाही.

धागा धाग्याला कापतो

आता परत टायरच्या पोटात जाऊ.

डनलॉपच्या टायरमध्ये कॅनव्हास होतं. कॅनव्हास म्हणजे विणलेलं कापड, उभे-आडवे धागे एकमेकांच्या वरून-खालून गेलेले. चाक फिरलं की टायर रस्त्यावर दबतो, सुटतो, परत दबतो. प्रत्येक वेळी हे धागे एकमेकांवर घासतात. गरम होतात. करवतीसारखे एकमेकांना कापतात. त्यामुळे टायर बाहेरून धडधाकट आणि आतून खिळखिळा, अशी गत व्हायची.

१८९० च्याच दशकात जॉन फुलरटन पामर या अमेरिकन माणसाने यावर उपाय काढला. विणूच नका. धागे एकाला एक समांतर ठेवा, प्रत्येक धाग्याभोवती रबर असू द्या आणि असे थर एकमेकांवर तिरके रचा. म्हणजे धाग्याला धागा लागणारच नाही, मध्ये कायम रबर राहील. आजच्या टायरचं हाडही याच कल्पनेवर उभं आहे.

पण यामुळे चिकटवणीवरची जबाबदारी वाढली. विणलेलं कापड स्वतःच्या विणीने तरी एकत्र राहतं. सुट्या धाग्यांना एकत्र ठेवणारं रबराशिवाय दुसरं कुणी नाही. रबराने धागा सोडला की तिथे पोकळी होते, हवा शिरते आणि टायरला फुगा येतो. हायवेवर ट्रकच्या टायरची सोललेली काळी साल पडलेली दिसते ना, तीही चिकटलेले थर एकमेकांपासून सुटल्याचीच खूण.

सुती धाग्याला रबर बऱ्यापैकी धरतं, कारण कापसाच्या धाग्यावर बारीक लव असते. रबर त्या लवेत रुतून बसतं. पण पुढे रेयॉनसारखे कारखान्यात बनलेले धागे आले. मजबूत, पण गुळगुळीत. लवच नाही तर रबर धरणार कशाला?

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीतल्या विल्यम हेल चार्च आणि डोरोथी मेनी यांनी यावर एक लेप शोधला. त्याचं पेटंट १९३८ चं. रेसॉर्सिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड या दोन रसायनांपासून होणारी राळ आणि रबराचा चीक म्हणजे लॅटेक्स, यांचं ते पाण्यातलं मिश्रण. धागा त्यात बुडवायचा आणि भट्टीतून वाळवून काढायचा. लेपातली राळ धाग्याला धरते. लेपातलं लॅटेक्स, टायर तापवला जातो तेव्हा, गंधकाच्या मदतीने बाहेरच्या रबराशी जोडलं जातं. म्हणजे एक हात इकडे, एक हात तिकडे. दोन्ही घरांचा सोयरा म्हणा ना. त्या लेपाचे पुढचे प्रकार आजही टायर आणि बेल्टच्या कारखान्यांत वापरतात.

आणि मग आली काच

काचेचा धागा ऐकायला विचित्र वाटतो. पण काच वितळवून केसाहूनही बारीक धागा ओढला तर तो वाकतो आणि ओढायला भलताच दणकट असतो. मुख्य म्हणजे तो ताणून लांब होत नाही. १९६७ मध्ये अमेरिकेच्या गुडइयर कंपनीने टायरच्या पट्ट्यात काचेचे धागे घालून पॉलिग्लास नावाचे टायर आणले. पुढे टायरमध्ये पोलादी तारा जिंकल्या, पण एका ठिकाणी काच टिकून राहिली. ते ठिकाण म्हणजे टायमिंग बेल्ट.

मारुती ८०० ज्यांच्या घरी होती त्यांना हा बेल्ट माहीत असेल. ठरावीक किलोमीटर झाले की मेकॅनिक तो बदलायला सांगायचा. इंजिनातले व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडायचं काम हा दातेरी पट्टा करतो. तो किंचित जरी लांबला तरी सगळं वेळापत्रक बिघडतं. म्हणून अशा बेल्टच्या पोटात बहुतेक वेळा काचेचे दोर असतात.

पण काचेच्या दोन खोडी आहेत. एक, काचेवर काच घासली की ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यापासून धागा तुटतो. म्हणजे डनलॉपच्या कॅनव्हासचाच आजार, पण कितीतरी पट वाईट. दोन, काचेच्या पृष्ठभागाला पाण्याची ओढ. ओल आली की चिकटलेला लेप सुटायला लागतो.

म्हणून काचेला दोन लेप देतात. काचेचा धागा भट्टीतून ओढला जात असतानाच त्याला पहिला हात दिला जातो. त्यात सिलेन नावाचं रसायन असतं. त्याचं एक टोक काचेला घट्ट धरतं आणि दुसरं टोक पुढच्या लेपाला. मग अशा शेकडो धाग्यांचा पेड राळ आणि लॅटेक्सच्या मिश्रणातून काढतात. इतर धाग्यांना हा लेप वरवर लागला तरी चालतो. काचेच्या पेडात तो आतपर्यंत मुरावा लागतो, प्रत्येक धागा दुसऱ्यापासून वेगळा राहावा लागतो. वाळल्यावर पेडाला पीळ देतात, त्यावर बहुतेक वेळा रबराच्या सोल्युशनचा आणखी एक थर देतात आणि मग तो रबरात घालून तापवतात.

म्हणजे शेवटी आलो कुठे? परत रबराच्या सोल्युशनपाशी. डनलॉपने अंगणात जे केलं, तेच. फक्त कापडाच्या जागी काच.

शेवटची वर्षं

डनलॉपने १८९२ च्या सुमारास जनावरांचा दवाखाना बंद केला आणि तो डब्लिनला राहायला गेला. तिथे एका मोठ्या कापड दुकानाच्या कारभारात त्याने लक्ष घातलं. टायरच्या धंद्यातून तो केव्हाच बाहेर पडला होता.

पण टायरचा धंदा त्याला सोडायला तयार नव्हता. कंपनीने जाहिरातींमध्ये त्याचं चित्र वापरायला सुरुवात केली. चित्रातला म्हातारा उंच टोपी, हातात काठी, डोळ्याला एकच भिंग, असा नटूनथटून आलेला बडेजावी माणूस. प्रत्यक्षातला डनलॉप म्हणजे साधा, दाढीवाला, आयुष्यभर घोड्यांच्या तबेल्यात काम केलेला माणूस. आपली अशी थट्टा झालेली त्याला सहन झाली नाही. ऐंशीच्या घरात असताना त्याने स्वतःच्याच नावाच्या कंपनीला कोर्टात खेचलं. ते प्रकरण थेट ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं.

विचार करा. पेटंट गेलं, शेअर गेले, कंपनी गेली, तेव्हा हा माणूस शांत राहिला. पण आपला चेहरा कुणीतरी भलताच रंगवतोय म्हटल्यावर तो लढायला उठला.

ऑक्टोबर १९२१ मध्ये त्याला साधी सर्दी झाली. तेच निमित्त झालं आणि २३ ऑक्टोबरला डब्लिनच्या घरी तो वारला. हवेच्या टायरचा इतिहास त्याने स्वतः लिहून ठेवला होता, तो त्याच्या मागे प्रसिद्ध झाला. पुढे उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्याचा फोटो छापला. या वेळी खराखुरा, दाढीवाला.

आपल्याकडे डनलॉपचं नाव रुजलं ते कारखान्यामुळे. १९३६ मध्ये बंगालच्या हुगळी जिल्ह्यात साहागंजला डनलॉपचा टायर कारखाना सुरू झाला. नावाचा दबदबा इतका की लोक टायरगाडीलाच त्या नावाने ओळखू लागले.

परत अंकुशनगरच्या रस्त्यावर

एका जनावरांच्या डॉक्टरने बनवलेलं चाक आज बैलांच्या मागे फिरतंय. लोखंडी धाव मातीत रुतायची, खडीवर आदळायची आणि प्रत्येक दणका जुवातून बैलाच्या मानेपर्यंत पोचायचा. हवेचं चाक तेवढं रुतत नाही, तेवढं आदळत नाही. थॉमसनने रीजंट्स पार्कात घोड्यांसाठी दाखवलं होतं, ते बैलालाही लागू पडलं.

पण चाक हलकं झालं म्हणून बैलाचं ओझं हलकं झालं असं नाही. ओढायला सोपं झालं, तसा गाडीवर आणखी ऊस चढला. घोड्यांच्या त्या डॉक्टरने मागून बैल न दिसणारी ती गाडी बघितली असती तर त्याने आधी टायर बघितला असता की बैलाची मान, याचं उत्तर अवघड नाही.

पुढच्या वेळी पंक्चरच्या दुकानात उभे असाल तेव्हा नीट बघा. दुकानदार ट्यूब घासतो, सोल्युशनचं बोट फिरवतो, थोडा वेळ वाळू देतो, मग ठिगळ दाबतो. घासायचं कशाला? तर गुळगुळीत जागेवर काही धरत नाही म्हणून. वाळू द्यायचं कशाला? तर द्रव उडून जाऊन नुसतं रबर मागे राहावं म्हणून. काचेच्या धाग्यापर्यंत पोचलेली ती सगळी विद्या त्या दोन मिनिटांत तुमच्यासमोर घडत असते.

टायरवर नाव रबरावर छापलेलं असतं. भार मात्र आतला धागा सोसतो, आणि त्याला धरून ठेवणारा लेप कुणाला दिसतही नाही. डनलॉपचंही काहीसं तसंच झालं. नाव जगभर चिकटलं, पैसा चिकटला नाही. पण पोराच्या पाठीला बसणारा दणका थांबवायला तो अंगणात उतरला होता, आणि तो दणका थांबला.